शस्त्रमार्ग आणि सूचिमार्ग: ट्रॅकिऑस्टॉमीच्या दोन पद्धतींविषयी प्रस्तावना

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून त्याचा श्वास व्हेंटिलेटरच्या स्वाधीन केल्यानंतर पहिले काही दिवस सर्वांचे लक्ष मूळ रोगाकडे असते. न्यूमोनिया ओसरतो की नाही, मेंदूची सूज उतरते की नाही, रक्तदाब औषधांवाचून टिकतो की नाही, याच विवंचनेत डॉक्टर आणि आप्त दोघेही गुंतलेले असतात. परंतु आठवडा उलटला, यंत्र सोडवण्याचे एकदोन प्रयत्न फसले, आणि रुग्ण मृत्यूच्या कचाट्यातून सुटला असला तरी स्वतःच्या बळावर श्वास घेण्याइतका सावरलेला नाही असे दिसू लागले, म्हणजे एक निराळाच प्रश्न खाटेपाशी उभा राहतो. तोंडातील नळी आणखी किती दिवस ठेवायची, आणि ती काढून मानेवर, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला छिद्र पाडून तेथे आखूड नळी बसवायची झाल्यास ते छिद्र कोणी, कोठे आणि कोणत्या रीतीने पाडायचे, हा तो प्रश्न होय. आणि प्रस्तुत ग्रंथाचा सारा विस्तार त्याच्याच भोवती झालेला आहे.

तोंडातील नळी जीव वाचवते हे खरे. पण ती स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यांच्यावर अहोरात्र दाब देते, आणि ती सहन व्हावी म्हणून रुग्णाला गुंगीत ठेवावे लागते. गुंगीतला माणूस खोकत नाही, हातपाय हलवत नाही, आणि जे स्नायू वापरात नाहीत ते झपाट्याने क्षीण होत असल्यामुळे ज्या यंत्रातून त्याला सोडवायचे त्याच यंत्रावर तो अधिकाधिक अवलंबून राहू लागतो. मानेतील नळीने हा फेरा मोडता येतो. स्वरयंत्र मोकळे होते, तोंडाची स्वच्छता नीट राखता येते, गुंगीची औषधे उतरवता येतात, रुग्णाला खुर्चीत बसवता येते, आणि दिवसा यंत्रावाचून ठेवून रात्री पुन्हा यंत्राला जोडण्याची मुभा मिळते. आप्तांना मात्र हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. ‘घशाला भोक पाडणार’ एवढेच त्यांच्या कानी पडते, आणि आता आवाज गेला, माणूस गेला, अशी त्यांची धारणा होते. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांत हे छिद्र तात्पुरते असते, आणि नळी काढल्यावर ते बहुधा थोड्याच दिवसांत आपोआप मिटत येते.

श्वासनलिका उघडण्याची, म्हणजेच ट्रॅकिऑस्टॉमीची, ही कल्पना अतिप्राचीन आहे. परंतु तिचा विश्वसनीय इतिहास सुरू होतो तो घटसर्पाच्या साथींपासून. 1825 साली फ्रान्समधील तूर येथे ब्रेतोनो या वैद्याने घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका बालिकेचा जीव या शस्त्रक्रियेने वाचवला, आणि त्याचा शिष्य ट्रूसो याने पुढे दोनशेहून अधिक रुग्णांवर तिचा अवलंब करून जवळजवळ चौथा हिस्सा रुग्ण बचावल्याचे नमूद केले. आजच्या मापाने हे यश तोकडे वाटेल. पण ज्या मुलांचा मृत्यू अटळ मानला जात असे त्यांतील दर चौथे मूल घरी परतू लागले, हे त्या काळच्या मातापित्यांना केवढे वाटले असेल! विसाव्या शतकाच्या आरंभी, 1909 साली, अमेरिकेतील शव्हेलियर जॅक्सन याने या शस्त्रक्रियेला शिस्तबद्ध रूप दिले, आणि 1921 साली असा इशारा दिला की छिद्र फार वर, स्वरयंत्राच्या कूर्चेला लागून, पाडले तर ती जागा पुढे आकसून श्वासमार्ग कायमचा अरुंद होतो. या इशाऱ्याचे स्मरण वाचकांनी ठेवावे, कारण साठपासष्ट वर्षांनी नवी पद्धत आली तेव्हा तोच धडा पुन्हा गिरवावा लागला.

व्हेंटिलेटर आणि ट्रॅकिऑस्टॉमी यांची सांगड मात्र कोपनहेगन येथे पडली. 1952 च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले, आणि लोखंडी फुफ्फुसे म्हणून ओळखली जाणारी यंत्रे संख्येने अपुरी आणि गुणाने असमर्थ ठरली. रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला मसलतीस बोलावले. 27 ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या मानेत छिद्र पाडून, फुगा असलेली रबरी नळी बसवून, त्या नळीला जोडलेली पिशवी हाताने दाबीत इब्सेनने तिला श्वास दिला, आणि निळी पडलेली ती मुलगी डोळ्यांदेखत सावरली. त्यानंतर सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन् महिने, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाची जन्मकथा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. मला मात्र त्यात अधिक महत्त्वाचे हे वाटते की मानेतील नळी बसवण्यास काही मिनिटे लागली, आणि त्या नळीच्या मागे एक जागा मनुष्य चोवीस तास बसवावा लागला. या ग्रंथात पुढे जी तुलना येते तिचे मर्म या प्रमाणातच आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेची थोर परीक्षा धनुर्वाताच्या कक्षांत झाली. धनुर्वातात स्वरयंत्राचा झटका येऊन रुग्ण क्षणार्धात गुदमरतो, म्हणून मानेतील नळी ही तेथे सोय राहत नाही, प्राणरक्षणाची पहिली तजवीज ठरते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या 150 रुग्णांच्या अतिदक्षता उपचारांचा जो वृत्तांत 1987 साली प्रसिद्ध केला तो जगभर वाचला गेला. ज्या रोगाची ओळख पाश्चात्त्य डॉक्टरांना पुस्तकांतूनच राहिली होती, त्याच्याशी झुंजण्याचे शास्त्र आपल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या कोंदट कक्षांत घडले, याचा अभिमान मराठी वाचकाने अवश्य बाळगावा.

आता दोन पद्धतींकडे वळतो. जुनी ती शस्त्रपद्धती. तीत खांद्यांखाली उशी देऊन मान मागे कलती करतात, उरोस्थीच्या वर त्वचेला छेद देतात, स्नायू मध्यरेषेवर अलग करून बाजूला सारतात, आड येणारा अवटू ग्रंथीचा पूल वर ढकलतात किंवा बांधून कापतात, आणि श्वासनलिकेची दुसरी-तिसरी कडी डोळ्यांसमोर आणून तेथे छिद्र पाडतात. प्रत्येक थर दिसतो, प्रत्येक रक्तवाहिनी बांधता येते, आणि श्वासनलिकेच्या कडांना टाके घालून त्यांचे दोरे मानेवर चिकटवून ठेवता येतात, की पुढे नळी निसटलीच तर ते ओढून छिद्र वर आणता यावे. हे सारे बहुधा शस्त्रक्रियागृहात होते, आणि तेथेच या पद्धतीची एक मोठी अडचण दडलेली आहे. व्हेंटिलेटरवरील, रक्तदाबाच्या औषधांचे चारपाच पंप जोडलेल्या रुग्णाला खाटेसकट उद्वाहकातून नेणे आणि परत आणणे हाच एक धोका असतो. हीच शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात खाटेवरही करता येते, आणि पुष्कळ ठिकाणी केली जाते. पण दिवे, सहाय्यक आणि उपकरणे यांचा बंदोबस्त तेथे शस्त्रक्रियागृहासारखा नसतो.

दुसरी ती विस्फारणपद्धती. तिचे मूळ गळ्याच्या शास्त्रात नाहीच. 1953 साली स्वीडनमधील सेल्डिंगर या क्ष-किरणतज्ज्ञाने रक्तवाहिनीत सुई घालून, सुईतून लवचीक तार सरकवून, सुई काढून त्या तारेवरून नळी आत नेण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तीच युक्ती 1985 साली अमेरिकेतील पास्क्वाले चाल्या या शल्यविशारदाने श्वासनलिकेला लावली: लहानसा छेद, सुई, तार, आणि त्या तारेवरून क्रमाक्रमाने जाड होत जाणारे विस्फारक घालून छिद्र नळीच्या बेताचे करणे. ऊतक कापण्याऐवजी ते येथे ताणले जाते; त्यामुळे छिद्र नळीला घट्ट बिलगते, आजूबाजूच्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात, आणि जंतूंना घर करण्यास मोकळी जागा राहत नाही. पुढे 1990 साली ऑस्ट्रेलियातील ग्रिग्ज याने तारेवरून सरकणारा चिमटा आणला, शतकाच्या अखेरीस अनेक विस्फारकांच्या जागी एकच निमुळता, वक्र विस्फारक आला, आणि फुग्याने छिद्र रुंदावण्याची तऱ्हाही निघाली. या प्रकारांची आपसांतील तुलना ग्रंथात सविस्तर आली आहे; येथे इतकेच सांगतो की निमुळत्या एकेरी विस्फारकाने आज बहुतेक ठिकाणी आपला अंमल बसवला आहे. आरंभी सुई स्वरयंत्राच्या कूर्चेच्या लगत खालीच टोचली जात असे. ती जागा खाली, दुसऱ्या कडीच्या आसपास, आणावी लागली याचे कारण जॅक्सनचा तो जुना इशाराच होता.

या पद्धतीची खरी उणीव अशी की करणाऱ्याला श्वासनलिका दिसत नाही. सुई मध्यरेषा सोडून गेली, श्वासनलिकेची मागची भिंत भेदून अन्ननलिकेकडे वळली, किंवा नळी श्वासनलिकेच्या पुढच्या अंगाला, ऊतकांतच, शिरली, तर वरून काही कळत नाही. म्हणून तोंडातील नळीतून ब्राँकोस्कोप घालून सुई आत येताना प्रत्यक्ष पाहण्याचा रिवाज पडला, आणि अलीकडे सोनोग्राफीने मानेतील वाहिन्या, अवटू ग्रंथी आणि कड्यांची खोली आधीच मोजून घेतली जाते. ब्राँकोस्कोप नळीत असताना हवेची वाट अरुंद होते आणि मेंदूला इजा झालेल्या रुग्णात कर्बवायू साचून डोक्यातील दाब वाढू शकतो, हा त्याचा तोटाही ध्यानात घ्यावा. तरीही जेथे ब्राँकोस्कोप आणि सोनोग्राफी या दोहोंपैकी एकही साधन नाही तेथे हे काम अंदाजाने करणे मला मान्य नाही.

दोहोंचा निवाडा पुराव्याने कसा होतो? 2016 साली कॉक्रेन संस्थेने 20 चाचण्यांतील 1652 रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. मृत्यूच्या बाबतीत दोन पद्धतींत फरक सिद्ध झाला नाही. जखमेतील संसर्ग मात्र विस्फारणपद्धतीत सुमारे चौथ्या हिश्शावर आला, आणि विद्रूप व्रणही कमी आढळले. त्यापूर्वी 2006 साली 17 चाचण्यांच्या आढाव्यानेही संसर्गाविषयी हाच कौल दिला होता. या आकड्यांवरून सुईचा जय झाला असे उतावीळपणे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि माझा त्यांच्याशी मतभेद आहे. एक तर या चाचण्यांत ज्यांच्या मानेत काही अवघड होते असे रुग्ण बहुधा आधीच वगळलेले होते. ज्या मानेवर दोन्ही पद्धती सारख्याच सुकर, तिच्यापुरताच हा निष्कर्ष खरा. दुसरे असे की सारे विस्फारक, सारे चिमटे एकाच सदराखाली जमा केलेले आहेत, आणि शस्त्रक्रिया कोठे शस्त्रक्रियागृहात तर कोठे खाटेवर झालेली आहे. रुग्णाला हलवण्याचा धोका पद्धतीच्या खात्यावर मांडणे न्याय्य नव्हे. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. श्वासमार्ग आकसण्याची व्याधी महिन्यांनी प्रकट होते, आणि तोपर्यंत या रुग्णांतील पुष्कळजण मूळ रोगाने दगावलेले किंवा पाठपुराव्यातून निसटलेले असतात. त्यामुळे दूरच्या परिणामांविषयी पुरावा दोन्ही बाजूंनी दुबळाच आहे.

म्हणून निवड मान पाहून करावी. कड्या बोटाला स्पष्ट लागतात, मान मागे जाते, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची क्रिया समाधानकारक आहे, यंत्राचा दाब आणि प्राणवायूची गरज मर्यादेत आहे, अशा प्रौढ रुग्णात अनुभवी अतिदक्षतातज्ज्ञाने खाटेपाशी विस्फारणपद्धतीच वापरावी. रुग्णाला खाली नेण्यात, शस्त्रक्रियागृहाची तारीख मिळेपर्यंत दोनतीन दिवस तिष्ठत ठेवण्यात काही हशील नाही. उलट मोठा गलगंड, पूर्वी झालेली मानेची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, अस्थिर मणका, चरबीने कड्या बुजलेली आखूड मान, किंवा नेमक्या जागी धडधडणारी रक्तवाहिनी असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला बोलवावे आणि डोळ्यांनी पाहून काम करावे. मुलांच्या मऊ, लहान श्वासनलिकेला ताणण्याची पद्धत सामान्यतः लावू नये. आणि रुग्ण याच क्षणी गुदमरत असेल, वरून नळी जात नसेल, तर या दोहोंतले काहीही काढत न बसता स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधील पडदा छेदून वाट करावी. तो स्वतंत्र विषय आहे आणि ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे.

केव्हा करावी, या प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या वाद चालला. ब्रिटनमधील ट्रॅकमॅन या चाचणीने, जिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले, 900 हून अधिक रुग्णांत चार दिवसांच्या आत आणि दहा दिवसांनंतर अशा दोन मुदती ताडून पाहिल्या. तीस दिवसांतील मृत्यू एका बाजूस 30.8 टक्के, दुसऱ्या बाजूस 31.5 टक्के, म्हणजे फरक नाही. पण त्याहून बोधप्रद गोष्ट ही की वाट पाहण्याच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांवर ट्रॅकिऑस्टॉमी झालीच नाही. त्यांतील काही आधीच दगावले हे खरे, परंतु पुष्कळांना तिची गरजच उरली नाही. कोणता रुग्ण दीर्घकाळ यंत्रावर राहील हे चौथ्या दिवशी ओळखण्याचे सामर्थ्य आपल्या शास्त्रात अजून आलेले नाही, असा याचा अर्थ होतो, आणि घाईने छिद्र पाडणाऱ्यांनी तो मनावर घ्यावा.

इतका वेळ पद्धतींविषयी लिहिले; परंतु ज्या कारणाने हा ग्रंथ लिहावासा वाटला ते याहून पुढचे आहे. ट्रॅकिऑस्टॉमीने होणारे मृत्यू शस्त्रक्रियेच्या मेजावर क्वचित घडतात. ते पुढच्या आठवड्यात, रुग्णाला कुशीवर वळवताना, आंघोळ घालताना, रात्रपाळीत घडतात. नळी निसटते, किंवा अर्धवट बाहेर येऊन तिचे टोक श्वासनलिकेबाहेर ऊतकात रुतते. पहिल्या सातआठ दिवसांत छिद्राची वाट पक्की झालेली नसते, आणि विस्फारणपद्धतीत तर ताणलेले ऊतक पूर्ववत मिटू पाहते. अशा वेळी गडबडीने नळी पुन्हा मानेत खुपसण्याचा प्रयत्न केला की ती भलत्याच वाटेने जाते, आणि जोराने दिलेली हवा मानेच्या व छातीच्या ऊतकांत भरते. योग्य इलाज सोपा आहे: नळीचा नाद सोडावा, छिद्र झाकावे, तोंडावर मास्क लावून प्राणवायू द्यावा आणि तोंडातूनच पुन्हा नळी घालावी. परंतु ज्या परिचारिकेच्या पाळीत हे घडते तिला हे कोणी शिकवलेले असते काय? ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या दुर्घटनांची जी राष्ट्रीय तपासणी झाली, तिच्या 2011 च्या अहवालात असे आढळले की अतिदक्षता विभागातील गंभीर दुर्घटनांत निसटलेल्या ट्रॅकिऑस्टॉमी नळ्यांचा वाटा सर्वांत ठळक होता, स्थूल रुग्ण त्यांत विशेषतः बळी पडले, आणि तेथील मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक प्रकरणांत उच्छ्वासातील कर्बवायू मोजणारे उपकरण न वापरणे हे बहुधा एक कारण होते. या उपकरणाची रेषा सपाट झाली की नळी जागेवर नाही हे काही सेकंदांत कळते. महागड्या विस्फारक संचांवर खर्च करणाऱ्या रुग्णालयाने या उपकरणाबाबत हयगय करावी, याला माझ्या मते कोणतीही सबब चालणार नाही.

दुसरा धोका विरळा पण भयंकर असतो. नळीचे टोक किंवा तिचा फुगा श्वासनलिकेपुढून जाणाऱ्या मोठ्या धमनीवर घासून ती फुटते, आणि हे बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत घडते. त्याआधी कित्येकदा थोडासा रक्तस्राव होऊन थांबतो. तो ‘सक्शनमुळे आले असेल’ म्हणून सोडून न देता तत्काळ वरिष्ठांना कळवण्याची शिस्त असेल तरच रुग्ण वाचण्याची आशा. फुग्याचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका राखणे आणि प्रत्येक पाळीत तो मापकाने मोजणे हेही त्याच शिस्तीचे अंग होय. बोटाने दाबून केलेला अंदाज फसवा असतो.

रुग्णाच्या वाणीविषयी एक परिच्छेद लिहिल्यावाचून ही प्रस्तावना पुरी होणार नाही. शुद्धीवर आलेला, सर्व काही समजणारा, पण आवाज न फुटणारा माणूस किती असहाय होतो हे अतिदक्षता विभागात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. 1985 च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड म्यूर या व्हेंटिलेटरवरील तरुण रुग्णाने, ज्याचे हातपाय लुळे होते, हवा आत जाऊ देणारी पण बाहेर येताना तिला स्वरयंत्राकडे वळवणारी झडप स्वतः कल्पिली, आणि ती आज जगभर वापरली जाते. ही झडप लावण्यापूर्वी फुगा पूर्णपणे उतरवलाच पाहिजे, नाहीतर श्वास बाहेर पडण्यास वाट राहत नाही. या एका नियमाच्या अज्ञानाने रुग्ण दगावू शकतो. पण तो नियम पाळून, योग्य रुग्णात, ही झडप लवकर वापरली जावी असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे ती फार थोड्या रुग्णांच्या वाट्याला येते.

खर्चाचा मुद्दाही टाळण्यासारखा नाही. एकदाच वापरून टाकून द्यायचा विस्फारक संच आणि धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येणारा ग्रिग्जचा चिमटा यांच्या किमतीत जे अंतर आहे ते जिल्हा रुग्णालयाच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते. आणि जेथे एक चांगला शल्यविशारद सदैव हजर आहे पण ब्राँकोस्कोप नाही, तेथे शस्त्रपद्धती हीच अधिक सुरक्षित आणि अधिक स्वस्त होय. नव्या पद्धतीचा अवलंब न करणे म्हणजे मागासलेपण, ही समजूत तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या आपल्या डॉक्टरांनी मनातून काढून टाकावी. नळीसह घरी पाठवल्या जाणाऱ्या रुग्णाच्या आप्तांना आतली नळी काढून धुणे, सक्शन करणे आणि नळी निसटल्यास काय करावे हे हाताने करवून घेऊन शिकवणे, हा कोणत्याही पद्धतीच्या खर्चात न मोडणारा, आणि तरीही सर्वाधिक वेळा वगळला जाणारा, उपचाराचा भाग आहे.

ज्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या हाती हा ग्रंथ पडेल त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या विभागात झालेल्या प्रत्येक ट्रॅकिऑस्टॉमीची एक साधी नोंदवही आजपासून सुरू करावी. तीत पद्धत लिहावी, करणाऱ्याचे नाव लिहावे, आणि त्याखाली नळी केव्हा निसटली, कोणत्या पाळीत, त्या वेळी खाटेपाशी कोण होते, त्यांना तालीम मिळाली होती की नाही, आणि शेवटी नळी कोणत्या दिवशी निघाली, हेही न चुकता लिहावे.